विषाणूला वाट कशी मिळते

मलेशियाच्या किनाऱ्यापासून थोडं दूर तिओमान नावाचं बेट आहे. तिथल्या झाडांवर फळं खाणारी मोठी वटवाघळं वस्तीला असतात. काही संशोधकांनी त्या झाडांखाली प्लास्टिकचे मोठे तुकडे अंथरले आणि थांबून राहिले. वटवाघळं हिंडून परतली, उलटी लटकली, आणि त्यांच्या लघवीचे थेंब खालच्या प्लास्टिकवर पडले. ते थेंब गोळा झाले. वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेली उष्टी फळंही बोळ्याने पुसून घेतली गेली. या साऱ्या नमुन्यांपैकी तिनांत मेंदूला सूज आणणारा निपाह विषाणू जिवंत सापडला. दोन नमुने लघवीचे होते आणि एक उष्ट्या फळाचा. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

विषाणूंवरचं संशोधन म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आठवते. ती लागतेच. पण एखादा विषाणू प्राण्यांकडून माणसांत कसा आला हे शोधायचं तर आधी असं झाडाखाली बसावं लागतं. कारण त्या एका उष्ट्या फळात सगळी साखळी आहे: झाड, त्यावर येणारा प्राणी, खाली पडलेलं फळ, ते खाणारा दुसरा प्राणी, आणि त्या दुसऱ्या प्राण्याला सांभाळणारा माणूस.

मलेशियात नेमकं हेच घडलं होतं. १९९८ च्या सप्टेंबरपासून डुकरं पाळणाऱ्या लोकांना ताप येऊ लागला, मेंदूला सूज येऊ लागली, काही जण बेशुद्ध होऊन दगावू लागले. सुरुवातीला हा जपानी मेंदूज्वर वाटला. तसं वाटणं चूकही नव्हतं, कारण त्या आजाराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो. म्हणून डास मारायला फवारणी झाली, लशी टोचल्या गेल्या. आजार हटेना. काही गोष्टी पहिल्यापासून जुळत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर जास्त करून लहान मुलांना होतो; इथे धडधाकट मोठी माणसं आडवी होत होती. डास तर शेजारच्या घरातल्यांनाही चावत होते, पण आजारी पडत होते ते डुकरांना हात लावणारेच. मार्च १९९९ मध्ये काव बिंग चुआ या विषाणुतज्ज्ञाने रुग्णाच्या नमुन्यातून एक वेगळाच विषाणू मिळवला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं. मलेशियात २६५ जणांना लागण झाली आणि १०५ जणांचा जीव गेला. साथ थांबवण्यासाठी दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली.

पुढच्या तपासात दिसलं की मोठ्या वराहपालन केंद्रांच्या अगदी कडेला आंब्याची आणि इतर फळझाडं होती. झाडांवर वटवाघळं यायची, उष्टी फळं आणि लघवी खाली डुकरांच्या वाड्यात पडायची. डुकरं दाटीवाटीने ठेवलेली, त्यामुळे एकीचा खोकला दुसरीला लागायला वेळ लागत नव्हता. तिथली डुकरं विकली जाऊन दुसऱ्या भागांत गेली आणि त्यांच्यासोबत विषाणूही गेला. वटवाघळं तिथे आधीपासून होती, त्यांच्या अंगातला विषाणूही जुनाच होता. बदलली होती ती या सगळ्यांची मांडणी. माझ्या मते प्राणिजन्य आजारांवरच्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. साथ आली की 'कोणत्या प्राण्यामुळे?' हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याहून जास्त उपयोगाचा प्रश्न आहे 'काय बदललं म्हणून याला वाट मिळाली?'

हाच विषाणू बांगलादेशात आला तेव्हा त्याला डुकरांची गरज लागली नाही. तिथे थंडीच्या दिवसांत शिंदीच्या झाडाचं साल तासून, खाली मडकं बांधून गोड रस जमवतात. रुग्णांची विचारपूस करताना हा कच्चा रस प्यायल्याचं पुन्हा पुन्हा पुढे आलं. पण वटवाघळांचा त्याच्याशी संबंध आहे हे दाखवायचं कसं? संशोधकांनी रात्रीच्या अंधारात दिसणारे इन्फ्रारेड कॅमेरे झाडांवर लावले. चित्रणात दिसलं की वटवाघळं रात्री येऊन तासलेल्या भागावरचा रस चाटतात. उपायही तिथल्याच कारागिरीतून निघाला: तासलेला भाग आणि मडकं बांबूच्या कामट्यांच्या झडपेने झाकायचं. वटवाघळाचं तोंड रसापर्यंत पोचत नाही, आणि वटवाघूळ मारायचीही गरज पडत नाही. कोट्यवधी खर्चाच्या औषधाआधी कामट्यांची झडप! या विषयात मला आशा वाटते ती अशा गोष्टींमुळे.

विषाणूच्या वाटेतले अडथळे

माणसांना होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी साधारण ६० टक्के प्राण्यांकडून आलेले किंवा येणारे आहेत, असं मानलं जातं. हा आकडा वाचून प्राण्यांची भीती वाटू शकते. पण दुसरी बाजू अशी की आपण रोज असंख्य विषाणूंच्या सहवासात वावरतो आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना आपल्यात शिरता येत नाही. प्राण्यातून माणसात येणं विषाणूसाठी खरोखर अवघड काम आहे.

क्रमाने पाहू. ज्या प्राण्यात विषाणू पिढ्यानपिढ्या सुखाने राहतो त्याला त्या विषाणूचा मूळ आश्रयदाता म्हणू. तो प्राणी बहुतेक वेळा आजारी दिसत नाही. दोघांनी एकमेकांशी जमवून घेतलेलं असतं. आता त्या प्राण्याच्या अंगात विषाणू असणं पुरेसं नाही, तो बाहेर पडला पाहिजे: लाळेतून, लघवीतून, विष्ठेतून, दुधातून किंवा एखाद्या डासाच्या वा गोचिडाच्या सोंडेतून. तोही सदासर्वकाळ बाहेर पडत नाही, ठरावीक काळातच पडतो. बाहेर पडल्यावर ऊन, कोरडेपणा, साबण, वेळ यांतून त्याने टिकलं पाहिजे. मग माणूस किंवा मधला एखादा प्राणी नेमका तिथे यायला हवा आणि पुरेशा मात्रेत विषाणू त्याच्या अंगात जायला हवा. आत गेल्यावर पेशीचं दार उघडलं पाहिजे. दार उघडल्यावर आतली यंत्रणा वापरून त्याला स्वतःच्या प्रती काढता आल्या पाहिजेत, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्याआधी त्याला गाठता कामा नये. एवढं सगळं जमलं तर एक माणूस आजारी पडतो. साथ यायला तेवढंही पुरत नाही. त्या माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाता आलं पाहिजे.

बहुतेक विषाणू यातल्या कुठल्या तरी पायरीवर थांबतात. रेबीज माणसाला मारतो, पण माणसाकडून माणसाकडे पसरत जाण्याची कला त्याच्याकडे नाही. वेस्ट नाइल विषाणू डासातून माणसात येतो, पण माणसाच्या रक्तात त्याचं प्रमाण इतकं कमी राहतं की पुढच्या डासाला लागण होत नाही. अशा वेळी माणूस म्हणजे त्या विषाणूसाठी बंद गल्ली असते.

पेशीच्या दाराबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जाती ओलांडण्याचं कोडं बरंचसं तिथे सुटतं. पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळे रेणू असतात. पेशीला ते तिच्या स्वतःच्या कामासाठी लागतात, पण विषाणू त्यांचा कडीसारखा वापर करतो. विषाणूच्या अंगावरचं प्रथिन त्या रेणूवर नीट बसलं तरच आत जाता येतं. निपाह ज्या रेणूला पकडतो तो रेणू सस्तन प्राण्यांमध्ये जवळपास एकसारखा आहे. त्यामुळे वटवाघूळ, डुक्कर, माणूस, घोडा, मांजर, कुत्रा अशी लांबलचक यादी त्याला खुली होते. पक्ष्यांच्या फ्लूचं तसं नाही. पेशीवर एक प्रकारची साखर असते. पक्ष्यांच्या आतड्यात तिची जोडणी एका पद्धतीची आणि माणसाच्या नाकाघशात दुसऱ्या पद्धतीची. पक्ष्यांचा फ्लू पहिल्या जोडणीला सरावलेला असतो. माणसाच्या फुप्फुसात खोलवर पक्ष्यांसारखी जोडणीही सापडते. त्यामुळे लागण झालीच तर आजार गंभीर होऊ शकतो, पण शिंकेतून दुसऱ्याला देणं त्याला साधत नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ फ्लू कोंबड्यांतून माणसांत आला तेव्हा १८ जणांना लागण झाली, ६ जण दगावले, आणि साथ तिथेच थांबली. थांबली त्यामागे तिथल्या सरकारने काही दिवसांत जवळजवळ १५ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मारण्याचा घेतलेला निर्णयही होता.

हे चित्र कायम राहील याची मात्र खात्री नसते, कारण विषाणू बदलतात. ज्यांचा जनुकसंच आरएनए या रेणूचा असतो ते विषाणू स्वतःची नक्कल करताना भरपूर चुका करतात आणि बहुतेकांना त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. बहुतेक चुका त्यांच्याच मुळावर येतात, एखादी उपयोगी पडते. फ्लूकडे आणखी एक युक्ती आहे. त्याचा जनुकसंच ८ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच फ्लू बाहेर पडतो. २००९ च्या महासाथीतला फ्लू असाच तयार झाला होता. त्याच्या तुकड्यांची वंशावळ लावली तर डुक्कर, पक्षी आणि माणूस तिघांच्या फ्लूपर्यंत जाते.

मधली जागा

प्राणी आणि माणूस यांच्या मधली जागा आपण विसरतो. पाणी, माती, हवा, धूळ. विषाणू तिथे वाढत नाही, कारण त्याला वाढायला जिवंत पेशी लागते. पण तो तिथे टिकून राहू शकतो, आणि किती टिकतो यावर बरंच ठरतं. ज्या विषाणूंच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं ते साबणाने आणि उन्हाने लवकर निकामी होतात. ज्यांना असं आवरण नसतं, उदाहरणार्थ जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस, ते पृष्ठभागांवर चिवटपणे राहतात. पण हाही नियम सरसकट लावता येत नाही. फ्लूला आवरण असतं, तरी थंड गोड्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. जंगली बदकं तो विष्ठेतून तळ्यात सोडतात, दुसरी बदकं तेच पाणी पितात. बदकांच्या दृष्टीने फ्लू हा श्वासापेक्षा पाण्यातून पसरणारा, पोटाचा संसर्ग आहे. हे समजल्यावरच लक्षात आलं की स्थलांतराच्या वाटेवरची तळी या विषाणूची मुक्कामाची ठिकाणं आहेत.

मधली जागा धुळीचीही असू शकते. १९९३ च्या वसंतात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे, तरुण आणि निरोगी माणसं काही दिवसांत श्वास अडकून मरू लागली. कारण निघालं हंता गटातला एक नवा विषाणू. तो तिथल्या एका छोट्या रानउंदराच्या लघवी-विष्ठेत असतो. ती वाळते, झाडलोट करताना धूळ उडते आणि श्वासावाटे आत जाते. पण त्याच वर्षी का? त्याआधी एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बदलतं त्यामुळे, तिथे पाऊस-बर्फ नेहमीपेक्षा जास्त पडला होता. दुष्काळानंतर रान हिरवं झालं, बिया आणि कीटक मुबलक झाले, उंदरांची संख्या कित्येक पटींनी वाढली आणि ते घराकोठारांत शिरले. तिथल्या नवाहो या मूळनिवासी समाजातल्या जाणत्या माणसांनी अशा आजाराचा संबंध उंदरांशी आधीच जोडलेला होता. प्रयोगशाळेने नंतर जे सिद्ध केलं त्याचा एक धागा त्यांच्याकडे होता. अशा ज्ञानाकडे सुरुवातीपासून लक्ष दिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

मातीचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली फीवर नावाचा गुराढोरांचा आणि माणसांचा आजार आहे. त्याचा विषाणू काही डासांच्या अंड्यांमध्ये उतरतो. ती अंडी उथळ खोलगट जमिनीत कोरडीठाक वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. मोठा पाऊस झाला, खळगे पाण्याने भरले की अंडी फुटतात आणि त्यातून निघालेले काही डास जन्मतःच विषाणू घेऊन आलेले असतात. जनावरांना लागण होते, त्यांच्यापासून इतर डासांना, मग माणसांना. हे चक्र कळल्यामुळे आजाराचा अंदाज थेट उपग्रहांवरून बांधता येऊ लागला. समुद्राचं तापमान, ढग, जमिनीवरची हिरवाई बघायची. २००६ च्या अखेरीस आफ्रिकेच्या शिंगाकडच्या, म्हणजे पूर्वेकडे समुद्रात घुसलेल्या टोकाच्या, भागात साथ येण्याचा इशारा पहिल्या रुग्णाच्या काही आठवडे आधी देता आला होता. तरीही लागण मोठ्या प्रमाणात झाली. इशारा मिळाल्यापासून जनावरांपर्यंत लस पोचेपर्यंतचं अंतर उपग्रह कापू शकत नाही.

माग कसा काढतात

मूळ आश्रयदाता शोधताना संशोधक सहसा आधी रक्त तपासतात. एखाद्या प्राण्याला विषाणूची लागण होऊन गेली असेल तर रक्तात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी राहतात. त्या सांगतात की भेट झाली होती. आज विषाणू अंगात आहे की नाही ते सांगत नाहीत. त्यासाठी पीसीआरने विषाणूचे जनुकीय तुकडे शोधावे लागतात. तुकडे सापडले तरी तो विषाणू जिवंत होता का हे कळत नाही. म्हणून जिवंत विषाणू वाढवून दाखवणं हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो मिळणं सर्वांत दुरापास्त. तिओमानच्या उष्ट्या फळाचं महत्त्व यात आहे.

मग जनुकीय क्रमांची तुलना होते. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती करताना लेखनिकाच्या हातून चूक झाली की ती पुढच्या सगळ्या प्रतींत उतरते, आणि चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून केली ते ओळखता येतं. विषाणूंचंही तसंच. समान चुकांवरून वंशवृक्ष मांडता येतो आणि चुकांच्या वेगावरून काळाचाही अदमास येतो. एचआयव्हीचा मुख्य प्रकार मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत माणसांत पसरू लागला, हे अशाच तुलनेतून कळलं. त्यात १९५९ आणि १९६० साली मध्य आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात घेतलेल्या आणि जपून राहिलेल्या नमुन्यांची फार मोठी मदत झाली. ते जपणाऱ्यांना तेव्हा एचआयव्ही हे नावही ठाऊक नव्हतं.

पण यंत्रांनी सुसज्ज असलेले लोकही एकमेकांशी बोलले नाहीत तर काय होतं, हे न्यूयॉर्कने १९९९ मध्ये दाखवलं. त्या उन्हाळ्यात ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात कावळे मरून पडू लागले. मग संग्रहालयातले पक्षीही दगावू लागले. त्याच सुमारास शहरातले काही वयस्कर लोक मेंदूज्वराने रुग्णालयात आले. माणसांच्या आजाराचं निदान सेंट लुइस मेंदूज्वर, म्हणजे डासांतून पसरणारा एक मेंदूज्वर, असं झालं. पक्ष्यांच्या मृत्यूंची चौकशी वेगळी, वेगळ्या खात्याची. संग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना हे पटेना. सेंट लुइस मेंदूज्वराचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण त्यांना मारत नाही. घोड्यांच्या एका मेंदूज्वराचाही संशय होता, पण त्याने इमू मरायला हवे होते आणि संग्रहालयातले इमू ठणठणीत होते. त्या नमुने पाठवत राहिल्या, विचारत राहिल्या. शेवटी कळलं की पक्षी आणि माणसं एकाच विषाणूने मरत होती, आणि तो होता वेस्ट नाइल, १९३७ मध्ये युगांडात पहिल्यांदा सापडलेला आणि पश्चिम गोलार्धात तोवर कधीच न दिसलेला. त्या वर्षी तिथे ६२ जण आजारी पडले आणि ७ जण गेले. पुढच्या काही वर्षांत विषाणू पार दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरला.

कावळे मरताहेत ही बातमी माणसांच्या डॉक्टरांची नव्हती आणि वृद्धांचा ताप ही पशुवैद्यांची नव्हती, एवढ्यामुळे मौल्यवान आठवडे गेले. 'वन हेल्थ', म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहण्याची जी भूमिका आज जगभर मांडली जाते, तिचा अर्थ मला या प्रसंगातून जितका कळतो तितका कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

प्राण्यांचे मृत्यू ही पहिली घंटा असते, हे त्याआधीही दिसलं होतं. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं आजारी पडली. पीतज्वराची शंका आली, पण निघाला गोचिडांतून पसरणारा नवाच विषाणू. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा छडा लावला. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते, म्हणून मेलेल्या माकडाची वर्दी देणं हा आजही माकडतापावरच्या देखरेखीचा कणा आहे.

माणसाकडून उलट दिशेनेही वाहतूक होते. कोविडचा विषाणू माणसांकडून फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या छोट्या प्राण्यांत गेला, त्यांच्यात थोडा बदलला आणि परत माणसांत आला. २०२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कने दीड कोटीहून जास्त मिंक मारायचं ठरवलं. अमेरिकेत आयोवा राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे त्या काळातले नमुने तपासले तेव्हा साधारण एक तृतीयांश हरणांत कोविडचा विषाणू मिळाला. रानातल्या हरणाला तो नेमका कुठून लागला याची वाट अजून नीट उलगडलेली नाही.

आणि कधी कधी जिथे कोणी बघतच नसतं तिथे दार उघडतं. एच५एन१ च्या नव्या शाखेने गेल्या काही वर्षांत खंडामागून खंड पादाक्रांत केले. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलची सतरा हजारांवर पिल्लं मेली. तरी गाईंचा विचार कुणाच्या फारसा मनात नव्हता, कारण हा फ्लू गाईंचा आजार समजला जात नव्हता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत तो सापडला. विषाणू कासेत वाढत होता, दुधातून भरमसाट बाहेर पडत होता आणि दूध काढण्याच्या यंत्रांवरून एका गाईकडून दुसरीकडे जात होता. गोठ्यातल्या मांजरी कच्चं दूध पिऊन मेल्या. जनुकीय क्रम लावल्यावर कळलं की विषाणू गाईंत शिरून तोवर काही महिने उलटले होते. त्यानंतर गाईंच्या दुधाची आणि शहरांच्या सांडपाण्याची तपासणी सुरू झाली. सांडपाणी हा तर फारच प्रामाणिक साक्षीदार आहे: २०१३ मध्ये इस्रायलमध्ये एकाही मुलाला लकवा झालेला नसताना पोलिओचा विषाणू फिरतो आहे, हे गटारांनीच सांगितलं होतं. दूध तापवून निर्जंतुक केलं की हा फ्लू निकामी होतो, हा त्यातला मोठा दिलासा.

फुलांचा हिशेब

या विषयातलं मला सर्वांत भावलेलं संशोधन ऑस्ट्रेलियातलं आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा उपनगरातल्या एका तबेल्यात डझनाहून जास्त घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक एका अनोळखी आजाराने मेले. त्या उपनगराचं नाव मिळालेला हेंड्रा विषाणू हा निपाहचा सख्खा भाऊ, आणि तोही मोठ्या फलभक्षी वटवाघळांतच राहतो. आजवर ७ माणसांना त्याची लागण झाली आणि ४ जण गेले. सातही जणांना तो घोड्यांकडून आला. जखमी वटवाघळांची शुश्रूषा करणाऱ्या, त्यांचे ओरखडे आणि चावे सोसणाऱ्या शंभरावर लोकांचं रक्त तपासलं गेलं. एकालाही लागण झालेली नव्हती. घोडा मात्र झाडाखाली चरतो, लघवीने भिजलेलं गवत खातो, आणि त्याच्यात विषाणू प्रचंड वाढतो. पूल बनतो तो घोडा.

प्रश्न उरला तो काळाचा. काही वर्षं घोड्यांत एकामागून एक लागण, मग पुढची कित्येक वर्षं जवळजवळ काहीच नाही. असं का? पेगी एबी, रैना प्लोराइट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ ते २०२० या २५ वर्षांचा हिशेब मांडला. त्यात वटवाघळांच्या वस्त्या होत्या, पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी होत्या, जंगलतोड होती आणि कोणत्या हिवाळ्यात कोणती झाडं फुलली याच्या नोंदी होत्या. २०२२ मध्ये तो 'नेचर' या नियतकालिकात छापून आला.

ही वटवाघळं मुळात फुलांतल्या मधावर जगणारी भटकी जमात. निलगिरीच्या काही जाती ऐन हिवाळ्यात फुलतात. एरवी अन्न नसतं त्या दिवसांत हजारो वटवाघळं शेकडो किलोमीटर उडत त्या बहराकडे जायची. पण ती जंगलं तुटत गेली. १९९६ मध्ये जी थोडी उरली होती त्यांतलाही साधारण एक तृतीयांश भाग २०१८ पर्यंत गेला. वटवाघळं मग लहान लहान टोळ्यांत फुटली आणि शहरांच्या कडेला, शेतांजवळ, बागांमध्ये कायमची राहू लागली. तिथे बारमाही काहीबाही मिळतं, पण ते निकृष्ट असतं. एल निनोच्या वर्षानंतर निलगिरी नीट फुलत नाही आणि उपासमार होते. उपाशी वटवाघळाच्या अंगात विषाणू डोकं वर काढतो आणि लघवीतून जास्त बाहेर पडतो. हे घडतं तेव्हा ती नेमकी घोड्यांच्या कुरणांवरच्या झाडांत असतात. हिशेबात दिसलं की अन्नटंचाईनंतरच्या हिवाळ्यात घोड्यांना लागण होते. अपवाद फक्त एका गोष्टीचा: त्या हिवाळ्यात उरलेल्या रानांपैकी एखादं भरभरून फुललं, तर लागणीचा गठ्ठा येत नाही. वटवाघळं कुरणं सोडून तिकडे निघून जातात.

घोड्यांसाठीची लस २०१२ पासून मिळते आणि ती द्यायलाच हवी. पण या अभ्यासाने लशीच्या कितीतरी आधीची पायरी दाखवली. विषाणू बाहेर पडणार की नाही हे एका झाडाच्या फुलण्यावर ठरू शकतं.

२०१८–१९ मधल्या एल निनोनंतर पुन्हा टंचाई झाली, वटवाघळं अशक्त दिसू लागली. जुना हिशेब खरा असेल तर २०२० चा हिवाळा घोड्यांसाठी वाईट जाणार होता, आणि संशोधक तयारीत होते. तेवढ्यात जिम्पी गावाजवळ उरलेल्या निलगिरीच्या रानाचा एक तुकडा फुलला. दोन लाखांहून जास्त वटवाघळं तिथे उतरली आणि बहर असेपर्यंत तिथेच राहिली. अपेक्षित होती ती लागणीची मालिका त्या हिवाळ्यात आलीच नाही.